उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो का? (आणि गच्चीवरचे बाकीचे प्रश्न)

होटगीरोडकर | ६ मे २०२६, सकाळी ७.४०

काल अंगारकी होती. चंद्रोदयाची वाट बघत सगळं घर गच्चीवर. दहा वाजून गेले तरी चंद्राचा पत्ता नाही, आणि फरशी अशी तापलेली की चटईखालूनही शेक लागत होता. पोरगी आता सातवीत जाईल. ती म्हणाली, "बाबा, मे महिन्यात सूर्य आपल्या जवळ येतो म्हणून एवढं गरम होतं ना?" उपाशी पोटी वाद नको म्हणून मी हो म्हणून टाकलं. आईनेही मान डोलावली. पोरीचं पुढचं तयारच होतं: "मग जानेवारीत त्याला लांब कोण नेतं?"

मोदक खाऊन झाल्यावर मोबाइलवर शोधलं, तर सगळं उलटंच निघालं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. म्हणजे गड्ड्याच्या, आपल्या संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेच्या, तोंडावर, आपण मफलर बांधून फिरतो तेव्हा. आता मी पोरीला काय सांगू? 'पृथ्वीचा अक्ष कललेला आहे' हे वाक्य मला पाठ आहे, पण त्याचा माझ्या गच्चीवरच्या फरशीशी काय संबंध ते समजेल असं सांगा कुणीतरी.

कडक_भाकरी | ७.५२

सूर्य कुठला जवळ येतोय, सोलापूरच दरवर्षी त्याच्याकडे निघतंय.

पुण्यात_अडकलेला | ८.०५

शाळेत आम्हालाही 'जवळ येतो' हेच कळलं होतं. पुस्तकातल्या चित्रात पृथ्वीची कक्षा अशी लांबट अंड्यासारखी काढलेली असायची की दुसरं काही वाटणं शक्यच नव्हतं.

निवृत्त_गुर्जी | ९.३०

अडकलेले म्हणतात ते खरं आहे, आणि ती चित्रं फळ्यावर काढणाऱ्यांत मीही होतो. वर्गाला तिरपं बघायला मिळावं म्हणून तसं काढतात, पोरांच्या डोक्यात मात्र अंडं बसतं. खरी कक्षा कागदावर काढली तर कंपासने काढलेल्या वर्तुळापासून नुसत्या डोळ्यांना वेगळी ओळखू येणार नाही. फक्त सूर्य बरोबर मध्यावर नसतो, जरासा बाजूला असतो. त्यामुळे जानेवारीत अंतर साधारण १४ कोटी ७१ लाख किलोमीटर आणि जुलैच्या सुरुवातीला १५ कोटी २१ लाख. फरक ५० लाखांचा. ऐकायला मोठा वाटतो, पण शंभरात तीन-साडेतीन. तेवढ्याने ऊन सहा-सात टक्क्यांनी इकडेतिकडे होतं, तेही आपल्या बाबतीत उलट्या बाजूने.

आता फरशीचं बघू. सोलापूर साधारण १७ अंश ४० मिनिटं उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या २१-२२ तारखेला भर दुपारी सूर्य आपल्याकडे क्षितिजापासून ४९ अंशांवरच चढतो, मे महिन्यात थेट डोक्यावर येतो. एक चादर अंथरा. डोक्यावरच्या सूर्याचं जेवढं ऊन त्या एका चादरीवर पडतं, तेवढंच ऊन डिसेंबरात तिरपं होऊन आणखी एकतृतीयांश जास्त जागेवर पसरतं. शिवाय डिसेंबरात दिवस अकरा तासांचा, जूनमध्ये तेरा तासांच्या थोडा वर. म्हणजे पातळ ऊन कमी वेळ, की दाट ऊन जास्त वेळ. अक्षाचा २३.४ अंशांचा कल एवढंच करतो, पण त्यावर सगळे ऋतू चालतात.

मेलबर्नची_शेंगाचटणी | ११.१५

गुर्जींच्या पोस्टला पुरावा म्हणून मी. माहेर साखर पेठ, सध्या मुक्काम मेलबर्न. आज इथे स्वेटर काढलाय आणि आई फोनवर कूलरमध्ये पाणी भरतेय. सूर्य जवळ आल्याने उन्हाळा होत असता तर दोघींना एकदम घाम आला असता की नाही? पोरीला एवढंच सांगा. आणि मी आणलेली चटणी संपली, हे कुणीतरी आईला सांगा.

चादरवाला | १२.१०

मला एक विचारायचंय. आमच्या मागाच्या शेडला करवतीच्या दातांसारखं छप्पर आहे, काचा सगळ्या उत्तरेकडे. वडील सांगायचे की उत्तरेकडून उजेड येतो, ऊन येत नाही, म्हणून तशा बसवतात. वर्षभर ते खरंही असतं. पण मे-जूनमध्ये सकाळी आणि संध्याकाळी उन्हाचा पट्टा सरळ मागावर पडतो, आणि रंगीत सूत असलं की आम्ही काचांना पोती लावतो. माझ्या शेडची दिशा चुकलीय का?

निवृत्त_गुर्जी | १२.४०

शेड बरोबर आहे. तसली छपरं विलायतेतल्या गिरण्यांसाठी निघाली, तिथे दुपारचा सूर्य कधीच उत्तरेला जात नाही. आपण कर्कवृत्ताच्या अलीकडे. दुपारचा सूर्य १० मेच्या सुमाराला आपल्या डोक्यावरून उत्तरेकडे सरकतो आणि ऑगस्टच्या २-३ तारखेला परत येतो. मधले जवळजवळ तीन महिने सोलापुरात दुपारचा सूर्य उत्तरेला असतो! २१ जूनला तो माथ्यापासून जवळपास सहा अंश उत्तरेला असतो, आणि उगवतो-मावळतो तर आणखीच उत्तरेकडे सरकून. तुमचा पट्टा तिथूनच येतो. वडिलांना नियम माहीत होता, अपवादाला पोती होती.

होटगीरोडकर | १२.५५

थांबा थांबा. १० मे म्हणजे या रविवारी? सूर्य बरोब्बर डोक्यावर? सावली गायब?

निवृत्त_गुर्जी | १.०५

हो. घड्याळात १२ वाजून २२-२३ मिनिटांनी. बारा वाजता नव्हे, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशावर चालतं आणि सोलापूर ७६ च्या अलीकडे आहे. पुण्याला हा दिवस १३-१४ मेला, मुंबईला आणखी दोन दिवसांनी. नागपूरला मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात. दिल्लीला कधीच नाही.

पुण्यात_अडकलेला | १.२०

एका गोष्टीत तरी सोलापूर पुण्याच्या पुढे. फ्रेम करून लावतो.

पण गुर्जी, मग ऑगस्टमध्येही सूर्य डोक्यावरच असतो, तेव्हा का तापत नाही?

निवृत्त_गुर्जी | १.३५

ढग. आणि ओली जमीन. मे महिन्यात आपली काळी माती भेगाळून कोरडी पडलेली असते, ऊन सगळं तापवण्यातच जातं. पाऊस झाला की तेच ऊन पाणी सुकवण्यात खर्च होतं. जून-जुलैचा सूर्य काही कमजोर नसतो, त्याच्यावर पांघरूण असतं. दिल्लीकडे पाऊस उशिरा पोचतो म्हणून त्यांचा जूनही भाजून काढतो.

रेश्मा_बेगमपेठ | ३.१०

मला धाग्यातली पहिली ओळ जास्त जवळची वाटली. अंगारकीला तुम्ही चंद्र उगवायची वाट बघता, ईदला आम्ही मावळायच्या आत दिसायची. लहानपणी अब्बा गच्चीवर न्यायचे, मगरिबच्या वेळी पश्चिमेला बोट दाखवायचे, आणि मला काही दिसायचं नाही तरी मी "दिसला दिसला" म्हणून ओरडायची, कारण दिसला की शिरखुर्मा नक्की. चंद्र संकष्टीला रात्री उशिरा पूर्वेला आणि ईदला संध्याकाळी पश्चिमेला, हे एवढं उलटं का ते कधी कुणी सांगितलं नाही. आणि तो अर्धा-पाव का होतो, पृथ्वीची सावली पडते म्हणून ना?

गल्लीतला_गॅलिलिओ | ३.४५

सावली नाही! ही चूक सगळ्यांची होते. पृथ्वीची सावली चंद्रावर पडते ती फक्त चंद्रग्रहणात, काही तासांपुरती. रोजच्या कलांशी तिचा काही संबंध नाही. चंद्राचा अर्धा भाग कायम उन्हात असतो, अगदी अमावास्येलाही. आपण त्या उजेडाच्या अर्ध्याकडे कुठून बघतोय, त्यावर कोर की अर्धा की पूर्ण हे ठरतं. ईदचा चंद्र सूर्याच्या जवळ असतो, म्हणून सूर्यामागोमाग मावळतो आणि उजेडाची नुसती कड दिसते. पौर्णिमेला तो सूर्याच्या बरोबर समोर, हा मावळला की तो उगवला. नंतर रोज सरासरी पन्नास मिनिटं उशीर, म्हणून चतुर्थीला तुमचे मोदक दहापर्यंत लांबतात.

करून बघायचं असेल तर या शनिवारी-रविवारी सकाळी आठला गच्चीवर या. वद्य अष्टमीच्या आसपासचा अर्धा चंद्र दिवसाढवळ्या नैर्ऋत्येला असेल. एक लिंबू उन्हात धरून हात चंद्राच्या दिशेने लांब करा. लिंबाचा जेवढा आणि ज्या बाजूचा भाग उजळलेला दिसेल, तेवढाच आणि त्याच बाजूचा चंद्राचा. एकच ऊन दोघांवर.

कडक_भाकरी | ३.५०

आणि मग ते लिंबू सरबतात. विज्ञान वाया जाऊ द्यायचं नाही.

जुळे_सोलापूर | ५.२०

संकष्टीवरून आठवलं, आमच्याकडे दर महिन्याला भांडण. सासूबाई कॅलेंडरावरची वेळ पाळतात, ती मुंबईची. चंद्र समोर लिंबाच्या झाडावर येऊन बसलेला असतो आणि ताट वाढायचं नाही, कारण "अजून वेळ झाली नाही". मी म्हणते, आई, तो दिसतोय. त्या म्हणतात, दिसू दे.

गल्लीतला_गॅलिलिओ | ५.४०

सोलापूर मुंबईच्या पूर्वेला तीन अंश, म्हणजे चंद्र आपल्याकडे बारा-पंधरा मिनिटं आधी उगवतो. सासूबाईंना पंचांगातली सोलापूरची वेळ दाखवा. दाते पंचांग आपल्याच गावचं आहे, त्याला तरी नाही म्हणणार नाहीत.

शुक्रवारपेठ_काका | ७ मे, सकाळी ८.१५

पंचांगाचा विषय निघालाच आहे म्हणून. गुर्जी म्हणतात सूर्य २१-२२ डिसेंबरला सगळ्यात दक्षिणेला असतो आणि तिथून वळतो. मग उत्तरायण संक्रांतीला कसं? पिढ्यान्‌पिढ्या आपण गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज संक्रांतीलाच काढतो. शास्त्र चुकलं की आपण?

निवृत्त_गुर्जी | ९.००

काका, कुणीच चुकलं नाही. दोन वेगळ्या गोष्टी एके काळी एका दिवशी यायच्या, त्या लांब गेल्या. संक्रांत म्हणजे सूर्य ताऱ्यांच्या हिशेबाने मकर राशीत जातो तो दिवस. उत्तरायण म्हणजे सूर्य वळतो तो दिवस. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, एका फेरीला सुमारे २६,००० वर्षं. त्यामुळे हे दोन दिवस दर ७२ वर्षांनी एका दिवसाने दूर होतात. आज अंतर चोवीस दिवसांच्या आसपास, म्हणजे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकत्र होते.

याच हिशेबाने संक्रांतीची इंग्रजी तारीखही सरकते. विवेकानंदांचा जन्म मकर संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. आता १४ किंवा १५ येते. पानिपत १४ जानेवारीला झालं म्हणून 'संक्रांतीच्या दिवशी' असं लोक सांगतात, पण १७६१ साली संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती.

शुक्रवारपेठ_काका | ९.२०

म्हणजे आणखी काही हजार वर्षांनी गड्डा उन्हाळ्यात?

कडक_भाकरी | ९.२२

तेव्हा होम मैदानावर होम वेगळा पेटवावा लागणार नाही.

रेश्मा_बेगमपेठ | ९.५०

आमच्या ईदला एवढं थांबायला लागत नाही. चंद्राचे बारा महिने ३५४ दिवसांचे, म्हणून दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे. रोजे मेच्या उन्हातही केलेत आणि डिसेंबरच्या थंडीतही. तुमचे महिनेही चंद्राचेच ना? मग दिवाळी पावसाळ्यात का जात नाही?

जुळे_सोलापूर | १०.१०

कारण जावई! दर अडीच-पावणेतीन वर्षांनी अधिक महिना घालून हिशेब जुळवतात. २०२३ ला अधिक श्रावण होता, या वर्षी अधिक ज्येष्ठ, १७ मेपासून. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही तो अधिक, असा नियम. आणि त्या महिन्यात सासरवाडीने जावयाला धोंडे जेवू घालायचे, असा दुसरा नियम.

होटगीरोडकर | १०.१५

माझ्या सासऱ्यांनी हा धागा वाचावा अशी व्यवस्था कुणी करेल का?

पूर्वभागकर | १.४०

ग्रहण राहिलं की. अमावास्या दर महिन्याला येते, चंद्र दर वेळी मध्ये येतो, मग सूर्यग्रहण दर महिन्याला का नाही? हा प्रश्न मी नववीत विचारला होता आणि त्याबद्दल बाकावर उभा राहिलो होतो. उत्तर अजून मिळालेलं नाही.

गल्लीतला_गॅलिलिओ | २.३०

घरातल्या दोन बांगड्या घ्या, एक जरा लहान. लहान मोठीच्या आत ठेवा आणि किंचित तिरकी करा. मोठी बांगडी म्हणजे सूर्याची आकाशातली वाट, लहान म्हणजे चंद्राची. तिरकेपणा पाच अंशांचा. दोन्हींच्या वाटा दोनच ठिकाणी एकमेकींना कापतात, तेच राहू आणि केतू. ते ग्रह नाहीत, नुसते बिंदू. अमावास्येला चंद्र त्या बिंदूंपासून लांब असला तर त्याची सावली पृथ्वीच्या वरून किंवा खालून निघून जाते, कधीकधी तीसेक हजार किलोमीटर अंतराने. पृथ्वीची जाडीच पावणेतेरा हजार. नेम चुकणार नाही तर काय.

सूर्य या बिंदूंपाशी साधारण दर १७३ दिवसांनी येतो, तेव्हा ग्रहणांचा हंगाम. गेल्या ७ सप्टेंबरला रात्री खग्रास चंद्रग्रहण दिसलं, आणि त्यानंतर बरोबर सहा पौर्णिमांनी, यंदा ३ मार्चला, चंद्र ग्रासलेलाच उगवला.

हुतात्मा_बागेतली | ४.००

७ सप्टेंबरचं मी विसरणार नाही. मला सहावा महिना होता. सासरी यादी तयार: चिरायचं नाही, शिवायचं नाही, आडवं पडायचं नाही, खिडकीपाशी तर अजिबात नाही. अकरा वाजता खग्रास सुरू झालं, सगळे जप करत होते, आणि मला काकडीची तल्लफ आली. स्वयंपाकघरात अंधारात उभी राहून चिरली, मीठ-तिखट लावून खाल्ली, आणि खिडकीतून लाल चंद्रही बघितला. मुलगी आता पाच महिन्यांची आहे. फक्त आवाज मोठा आहे, त्याचा काकडीशी संबंध लावायचा असेल तर लावा.

शुक्रवारपेठ_काका | ४.२५

ताई, मोठ्यांचं मन राखायला दोन तास बसलं तर काय बिघडतं? सगळंच खोटं म्हणू नये.

हुतात्मा_बागेतली | ४.४०

मन राखलंच की काका. कुणाला सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच लिहितेय.

निवृत्त_गुर्जी | ५.३०

आर्यभटाने इसवी सन ४९९ मध्येच लिहून ठेवलंय की सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची सावली. राहूचं डोकं त्यात कुठे नाही. काकडी निर्दोष आहे.

माझी आठवण सांगतो. १६ फेब्रुवारी १९८०, शनिवार. खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा कारवार, हुबळी, गदग, रायचूरवरून जाणार होता. सोलापुरात खंडग्रास. आम्ही कॉलेजची चार पोरं आदल्या रात्रीच्या गाडीने रायचूरला गेलो. घरी सांगितलं मित्राकडे अभ्यास. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, दारं-खिडक्या बंद, आणि आम्ही वेल्डिंगची काच पाळीपाळीने डोळ्याला लावून एका टेकाडावर. साडेतीननंतर ऊन असं झालं की त्याला पिवळं म्हणता येईना की पांढरं, जुन्या ट्यूबसारखं. एका लिंबाखाली जमिनीवर शेकडो चंद्रकोरी पडल्या होत्या, पानांच्या फटींतून. मग गार वारा सुटला, कावळे झाडांकडे निघाले आणि सूर्य गेला. दोन-अडीच मिनिटं असतील. शुक्र लखलखीत दिसत होता. आमच्यातला एकजण, एरवी तोंडाळ, त्याने काच खाली ठेवली आणि नुसता हात जोडून उभा राहिला. परतीच्या गाडीत कुणी बोललं नाही. घरी मला आंघोळ केल्याशिवाय आत घेतलं नाही, म्हणजे त्यांना कळलं होतं.

पूर्वभागकर | ५.५०

गुर्जी, बाकावर उभं करणारे तुम्ही नव्हतात एवढं नक्की.

शुक्रवारपेठ_काका | ६.१०

पुढचं आपल्याकडून कधी दिसेल?

गल्लीतला_गॅलिलिओ | ६.२५

या १२ ऑगस्टला स्पेन-आइसलँडकडे खग्रास आहे, आपल्याला दिसणार नाही. पण २ ऑगस्ट २०२७ ला आपल्याकडे दुपार कलल्यावर खंडग्रास. आणि गंमत बघा, सूर्य सोलापूरच्या डोक्यावर परत येतो तेही त्याच सुमाराला. दुपारी सावली जाईल, नंतर सूर्याचाच घास जाईल. ढग असतील हे गृहीत धरा. आणि काच वेल्डिंगची असली तरी १४ नंबरचीच, एक्स-रेची फिल्म किंवा गॉगल नको.

चादरवाला | ९ मे, रात्री ९.१०

होटगीरोडकर, उद्या सावलीचं करणार असाल तर एक सांगतो. गच्चीला पाणी जायला उतार असतो, पाइप उभा वाटला तरी उभा नसतो. ओळंबा टांगा. माझ्याकडे गवंड्याचा पितळी आहे, सकाळी शेडवरून घेऊन जा.

होटगीरोडकर | १० मे, दुपारी २.०५

केलं!

आठ वाजता लिंबू. पोरीने हात लांब केला आणि दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, "बाबा, हा लिंबाचा फोटो आहे की चंद्राचा?" अर्धं लिंबू डावीकडून उजळलेलं, वर अर्धा चंद्र डावीकडूनच.

दुपारी आधी प्लास्टिकचा पाइप उभा केला, कारण चादरवाल्यांवर विश्वास नव्हता. १२.२० ला त्याची दोन बोटं सावली होतीच. आई म्हणाली, गेला तुमचा दिवस फुकट. मग शिडीला ओळंबा टांगला. लोलकाची सावली दहा वाजल्यापासून खडूने टिपत होतो, ती पश्चिमेकडून सरकत सरकत आली आणि १२.२२ ला बरोबर त्याच्याच खाली शिरली. पितळी टोकाभोवती काही म्हणजे काही नाही. पोरगी स्वतःभोवती फिरून सावली शोधत होती, ती तिच्या चपलांखाली. दोनेक मिनिटांनी पूर्वेकडून एक काळी कड बाहेर आली.

आईने शेजारी कुरडया वाळत घातल्या होत्या. ती बराच वेळ त्यांच्याकडे बघत होती, मग म्हणाली, "यांची पण गेली की गं."

पोरीचा निकाल असा: सूर्य जवळ आलेला नाही, तो 'सरळ बघतोय'. मला हे उत्तर पटलं. पण लगेच पुढचा प्रश्न आला, अक्ष मुळात कलला कसा? गुर्जी?

निवृत्त_गुर्जी | २.४०

पृथ्वी तयार होत असताना तिला मोठमोठ्या धडका बसल्या, त्यांतून असं मानतात. त्यातल्याच एका धडकेतून चंद्र झाला असंही म्हणतात, आणि तोच आता तो कल फार ढळू देत नाही. पोरीला घेऊन घरी या, हे लिहून सांगायचं नाही.

पुण्यात_अडकलेला | २.५५

आमच्याकडे अजून तीन दिवस आहेत. ओळंबा कुरिअर करा.

चादरवाला | ३.००

कुरिअर नंतर. आधी माझा ओळंबा परत आणून द्या, उद्या सकाळी गवंडी येणार आहे.